मोकसाहेबांचं खाकरणं

मोकसाहेबांना पहिला धक्का बसला तो बाटलीबरोबर आलेल्या कागदावरच्या चित्राचा.

चित्रात एक माणूस मान मागे टाकून, तोंड वासून उभा होता. त्याच्या तोंडातून एक फुगा निघाला होता आणि फुग्यात लिहिलं होतं, ‘खर्रर्राक’. सरकारी कागदावर. खाली बारीक अक्षरात खुलासा होता, की सकाळी उठल्याउठल्या, दात न घासता, काही न खातापिता, वरच्यासारखा आवाज काढून घशाच्या तळातलं जे काय असेल ते वर आणावं आणि बाटलीत सोडावं. नुसती तोंडातली थुंकी चालणार नाही.

मोकसाहेबांनी कागद दोनदा वाचला आणि पालथा घातला. घरात बायको होती, सासूबाई होत्या.

आता दुसऱ्या कुणाला हा कागद आला असता तर तो हसला असता आणि खाकरून मोकळा झाला असता. पण मोक हो-फाय म्हणजे साधा माणूस नव्हे. विमा कंपनीत क्लेम नाकारायच्या विभागात साहेब, आणि आपल्या टॉवरच्या कमिटीचा चेअरमन. खालच्या लॉबीत जी पाटी आहे, ‘थुंकू नये. खाकरू नये.’, त्यातलं दुसरं वाक्य खास त्यांचं. कमिटीत एकजण म्हणालाही होता, की साहेब, खाकरण्यावर बंदी कशी घालणार, ते काय कुणी मुद्दाम करतं? मोकसाहेब म्हणाले, थुंकीची सुरुवात तिथूनच होते. गेटवरच्या चुंगकाकांना ते टेबलामागे खाकरले म्हणून तोंडी समज मिळाली होती. तेव्हापासून चुंगकाका खाकरायला रस्ता ओलांडून पलीकडे जायचे.

या तिटकाऱ्याचं मूळ मोकसाहेबांच्या वडिलांत होतं. वडिलांचा मासळीबाजारात गाळा होता. रोज पहाटे ते खिडकीत उभे राहून असं काही खाकरायचे, की खाली गल्लीतली मांजरं जागी होऊन बाजाराच्या दिशेनं चालू लागायची. लहानगा हो-फाय उशीखाली डोकं घालायचा. वडील जाऊन आता बरीच वर्षं झाली. गल्लीही गेली, तिथे मॉल आला. पण मोकसाहेबांचे कान अजून त्या उशीखालीच होते.

आणि असा माणूस आता बाटली हातात घेऊन बसला होता. कारण आई.

आई खाडीपलीकडे काउलूनच्या बाजूला एका वृद्धाश्रमात होती. कोविड सुरू झाल्यापासून आश्रमाचं दार बंद. भेट फोनवर, आणि फोन धरणारी मुलगी घाईत असायची, त्यामुळे मोकसाहेबांना आईचं कपाळ तेवढं दिसायचं. एकदा पूर्ण वेळ कान दिसला होता. आता शनिवारी आईचा अठ्ठ्याऐंशीवा वाढदिवस होता, आणि आश्रमानं कळवलं होतं, की घरातल्या एका माणसाला खोलीत येऊ देऊ. मात्र कोविड-तपासणीचा ताजा रिपोर्ट हवा, आणि निगेटिव्ह हवा.

आई फोनवर म्हणाली होती, “ये नाहीतर नको येऊ. शेजारच्या पलंगावरच्या लाउबाईंचा मुलगा यायचाच आहे. त्याला मी सांगून ठेवलंय, येताना माझ्याकडेही बघून जा म्हणून.”

हे वाक्य मोकसाहेबांच्या घशात अडकलं होतं. बाटलीत नेमकं तेच सोडता आलं असतं तर बरं झालं असतं.

सोमवारी ते उठले, आणि सासूबाईंनी रोजच्यासारखा गरम पाण्याचा ग्लास हातात दिला. गेली पंधरा वर्षं देत होत्या. अर्धा ग्लास पोटात गेल्यावर त्यांना आठवलं. दिवस फुकट.

मंगळवारी पाणी टळलं, पण हातानं दगा दिला. आरशासमोर उभं राहिल्यावर हात आपोआप ब्रशकडे गेला आणि शुद्धीवर येईतो तोंडात फेस. मोकसाहेब स्वतःच्या हाताकडे थक्क होऊन बघत राहिले.

बुधवारी ब्रश आणि ग्लास दोन्ही लपवून ठेवून ते बाथरूममध्ये शिरले. आता आमच्याकडची बाथरूम म्हणजे उभ्या कपाटाला नळ बसवला की झालं. आणि सगळ्यांच्या बाथरूमच्या खिडक्या एकाच डक्टमध्ये उघडतात. विसाव्या मजल्यावर साबण पडला तर सातव्याला कळतं. मोकसाहेबांनी आधी नळ सोडला. मान मागे टाकली. आणि आवाज काढला, “ख्.”

काही वर आलं नाही. पुन्हा, “ख्. ख्.”

बाहेरून यिमान, म्हणजे त्यांची बायको, म्हणाली, “आ-फाय, डक्टमध्ये मांजराचं पिल्लू अडकलंय का बघ रे.”

शेवटी जे काय तोंडात गोळा झालं ते बाटलीत घालून मोकसाहेब तपासणी केंद्रावर गेले. काउंटरवर एक चष्मेवाली बाई होती. तिनं बाटली घेतली, उजेडाकडे धरली, हलवली, पुन्हा उजेडाकडे धरली. रांगेतले लोकही मग तिकडेच बघायला लागले.

“साहेब,” ती म्हणाली, “ही थुंकी आहे.”

मोकसाहेब गार पडले. उभ्या आयुष्यात त्यांच्यावर हा आरोप झाला नव्हता.

“घशातलं हवं. हे तोंडातलं आहे. हे मी घेईन, पण लॅबवाले परत पाठवतील, आणि मग तुम्ही येऊन माझ्यावर ओरडाल. चित्र बघितलंत ना?”

“बघितलं.”

“आवाज काढलात?”

“थोडा.”

“थोड्यानं होत नाही हो. पोटातून काढा.”

रांगेत मागे कुणीतरी घसा साफ केला. मोकसाहेबांनी वळून बघितलं तर चुंगकाका. हातात स्वतःची बाटली, काठोकाठ भरलेली.

“चेअरमनसाहेब, सवय गेली असेल,” चुंगकाका अदबीनं म्हणाले. “बंदी आहे ना आपल्याकडे.”

परत येताना मोकसाहेबांनी स्टेशनातल्या मशीनमधून आणखी बाटल्या घेतल्या. चांगल्या ओंजळभर. कारण आता त्यांचा स्वतःवर विश्वास उरला नव्हता. सासूबाईंनी त्या बाटल्या बघितल्या आणि एक उचलून झाकण लावून बघितलं, काढून बघितलं, पुन्हा लावलं.

“काय सुरेख बाटली आहे. थेंब सांडायचा नाही. फुकट?”

“आई, ते नमुन्यासाठी आहे.”

“नमुना एकच ना द्यायचा? मग बाकीच्यांचं काय करणार?”

सासूबाईंच्या या प्रश्नाकडे मोकसाहेबांनी लक्ष दिलं नाही. पुढचं सगळं त्यातून झालं. ज्या बाईनं गेल्या तीस वर्षांत बिस्किटाचा एक डबा टाकला नाही, जिच्या खिडकीत संत्र्याची सालं जॅमच्या बाटल्यांत वयानुसार लावलेली आहेत, तिच्या डोळ्यांदेखत चांगल्या झाकणाच्या बाटल्या घरात आणू नयेत.

संध्याकाळी खालच्या मजल्यावरच्या तामकाकू वर आल्या. हातात नाशपाती.

“मोकसाहेब, सकाळी तुमच्या बाथरूममधून आवाज आला. कफ झालाय तुम्हाला. ही उकडून खा, दोन दिवसांत घसा कोरडा ठणठणीत.”

“नको काकू, कोरडा नकोय. मला कफ हवाय.”

तामकाकू नाशपातीसकट दारात थिजल्या. “हवाय? साहेब, लोक पैसे मोजून काढतात.”

मोकसाहेबांनी शक्य तेवढ्या सभ्य शब्दांत आईचा वाढदिवस, रिपोर्ट आणि चित्र समजावून सांगितलं. तामकाकू खुर्चीवर टेकल्या. अशा वेळी आमच्याकडच्या बाईचं डोकं काय चालतं म्हणता.

“मग उष्ण खा. बाधेल असं खा. तळलेले कोंबडीचे पंख, वर लिची, वर ड्युरियन. पाणी पिऊ नका. सकाळपर्यंत घशाची भट्टी होते की नाही बघा.”

तासाभरात बातमी डक्टमधून वर गेली. चौदाव्या मजल्यावरच्या शिकवणीवाल्या बाईंनी ड्युरियनची, म्हणजे त्या उग्र वासाच्या काटेरी फळाची, फोड पाठवली. आठव्यावरून तळलेलं टोफू आलं. ज्यांना कमिटीनं बाल्कनीत कपडे वाळत घातल्याबद्दल नोटीस दिली होती त्यांनीसुद्धा लसणाचे शेंगदाणे पाठवले, वर चिठ्ठी, ‘चेअरमनसाहेबांच्या घशासाठी.’ मोकसाहेबांना समजेना, की हा मान आहे का अपमान. खाल्लं मात्र सगळं.

गुरुवारी उजाडलं ते वादळ घेऊनच. आठ नंबरचा बावटा लागला. म्हणजे ऑफिसं बंद, शाळा बंद, बोटी बंद. खिडक्यांच्या काचांवर चिकटपट्टीच्या फुल्या. डक्टमधून वारा असा घोंघावत होता, की मोकसाहेबांच्या मनात आलं, हीच वेळ. या आवाजात कुणाला काय ऐकू येणार?

ते आत शिरले. मान मागे टाकली. डोळे मिटले. घशात रात्रीचं ड्युरियन, शेंगदाणे, टोफू आणि पन्नास वर्षांची शिस्त, सगळं एकदम दाटून आलं होतं. मोकसाहेबांनी पोटातून जोर लावला.

“खर्रर्राक.”

आणि त्या क्षणी वारा थांबला. वादळं मधूनच असा श्वास घेतात. तो आवाज डक्टच्या तळापर्यंत गेला, आपटला आणि गच्चीपर्यंत परत आला.

शांतता.

मग खालून तामकाकू म्हणाल्या, “जमलं वाटतं.”

वरून कुठलासा अनोळखी पुरुष म्हणाला, “अजून एक होऊ दे.” कुणीतरी टाळ्याही वाजवल्या. मोकसाहेब कमोडच्या झाकणावर बसले, लाल होऊन, पण हातातली बाटली भरलेली होती. त्यांनी झाकण घट्ट लावलं आणि लेबलवर आपलं नाव आणि फोन नंबर नीट अक्षरात लिहिला. विम्यातला माणूस.

मग त्यांना आठवलं, की आठ नंबरचा बावटा म्हणजे केंद्रही बंद. कागदावर लिहिलं होतं, लगेच देता येत नसेल तर फ्रीजमध्ये ठेवावी.

“माझ्या फ्रीजमध्ये?” यिमान म्हणाली.

“आपल्या.”

“आ-फाय, शेजारी सोया सॉस आहे.”

“पिशवीत आहे. बंद आहे.”

“ते मला माहितीये. पण मी रोज सकाळी दार उघडणार आणि तू मला तिथून बघणार, असं वाटतं.”

शेवटी तडजोड झाली. फ्रीजच्या दारात सगळ्यात वरचा कप्पा, पिशवी बंद, पिशवीवर मोठ्या अक्षरात ‘आ-फाय’.

त्या दिवशी सगळे घरात अडकलेले. सासूबाईंनी त्या मोकळ्या वेळात विहीणबाईंच्या वाढदिवसाची घरट्याची खीर करायला घेतली. पाकोळीचं घरटं. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगतो, ही पाकोळी म्हणजे इवलासा पक्षी, गुहेत कड्याला आपल्या थुंकीनं घरटं बांधतो. नुसत्या थुंकीनं. ते आम्ही सोन्याच्या भावानं आणतो, भिजवतो, पिसं निवडतो, खडीसाखर घालून मंद आचेवर शिजवतो आणि वडीलधाऱ्यांना खाऊ घालतो. लॉबीत थुंकू नये अशी पाटी लावणाऱ्या मोकसाहेबांनीही लहानपणापासून ती वाटी चाटूनपुसून खाल्ली होती. या विसंगतीकडे त्यांचं लक्ष कधी गेलं नव्हतं. कुणाचंच जात नाही. असो.

आश्रमाचा नियम असा, की खाऊ आदल्या दिवशी पोचवायचा, लहान बंद बाटल्यांत, एका वेळचा एका बाटलीत. सासूबाईंनी मोकसाहेबांच्या उरलेल्या कोऱ्या बाटल्या उकळत्या पाण्यात घातल्या, पुसल्या, भरल्या आणि भाताच्या पेजेनं वर लाल कागद चिकटवला. वाढदिवसाचा मान. बाटल्या फ्रीजमध्ये ओळीनं उभ्या राहिल्या.

शुक्रवारी आकाश धुतल्यासारखं स्वच्छ. तामकाकूंचा जावई व्हॅन घेऊन काउलूनला निघाला होता, तो खाऊ घेऊन गेला. मोकसाहेबांनी दारातली आपली पिशवी उचलली आणि केंद्र गाठलं.

चष्मेवाल्या बाईनं त्यांना ओळखलं. उसासा टाकला. बाटली पिशवीतून काढून उजेडाकडे धरली. आणि तिचा चेहराच बदलला.

“साहेब,” ती हळू आवाजात म्हणाली, “कसं केलंत?”

“पोटातून,” मोकसाहेब म्हणाले.

तिनं बाटली रांगेकडे वळवली. “हे बघा सगळ्यांनी. दाट. तार आहे बघा कशी. याला नमुना म्हणतात. तुम्ही लोक पाणी आणून देता मला.”

रांगेतल्या एका आजोबांनी पुढे होऊन नीट बघितलं आणि मान डोलावली. लेबल फ्रीजच्या ओलीनं सुटलं असणार म्हणून तिनं नवं लावलं, आणि मोकसाहेबांनी त्यावर नाव-फोन पुन्हा लिहिला. मोकसाहेब केंद्रातून बाहेर पडले ते जरा उंच झाल्यासारखे. चौकातल्या चहावाल्याकडे लोणी घातलेला पाव खाल्ला, दुधाचा चहा घेतला. चुंगकाकांना स्वतःहून गुड मॉर्निंग केलं. शनिवारसाठी सूट काढून ठेवला.

दुपारी फोन आला.

“मोक हो-फाय बोलताय? मी लॅबमधून बोलतेय.” आवाज तरुण मुलीचा, जपून बोलणारा. “आधी सांगा, तुमची तब्येत बरी आहे ना?”

“मला झालाय का?”

“ते सांगता येत नाही. आम्ही प्रत्येक नमुन्यात आधी तो माणसाचा आहे का ते बघतो. मशीन तपासतं.” ती थांबली. “तुमच्यात माणसाचा काही मागमूस लागत नाहीये.”

मोकसाहेब भिंतीला टेकले. क्लेम नाकारताना लोकांना त्यांनी पुष्कळ गोष्टी ऐकवल्या होत्या, पण हे नव्हतं ऐकवलं कुणाला.

“मशीन बिघडलं असेल.”

“तीनदा लावलं. मग आमच्या मॅडमनी झाकण काढून वास घेतला. साहेब, राग मानू नका, पण त्या विचारतायत, ही घरट्याची खीर आहे का? कारण त्यांच्या मते खडीसाखर छान पडलीय.”

मोकसाहेबांनी फोन ठेवला. मग त्यांच्या डोक्यात पुढची पायरी हळूहळू चढली. खीर लॅबमध्ये आहे. म्हणजे जे लॅबमध्ये असायला हवं होतं ते...

“आई,” ते स्वयंपाकघरात जाऊन म्हणाले, “माझ्या पिशवीतली बाटली तुम्ही बदललीत का?”

सासूबाई भाजी निवडत होत्या. “मग काय? बघितलं तर तुझ्या नावाच्या पिशवीत ही पाणचट बाटली. मला वाटलं यिमाननंच काढून ठेवलीय खिरीतली. म्हटलं, काय ही मुलगी, नवऱ्याच्या वाट्याला नुसतं पाणी? घसा बसलाय बिचाऱ्याचा. मी दाट बाटली, लाल कागद काढून, ठेवली तुझ्या पिशवीत.”

“आणि पाणचट?”

“ती लाल कागद लावून विहीणबाईंच्यात घातली. त्यांना काय कळतंय या वयात.”

यिमानच्या हातातलं पातेलं सिंकमध्ये पडलं. तिला जे कळलं ते तिनं आपल्या आईला कानात सांगितलं. सासूबाईंच्या हातातली भाजीची काडी तशीच राहिली. घरात टपकणाऱ्या नळाचा आवाज येत होता. खालच्या मजल्यावर तामकाकूंनी टीव्ही बंद केल्याचं ऐकू आलं.

मोकसाहेबांनी आश्रमाला व्हिडिओ कॉल लावला. पडद्यावर आईचं कपाळ आलं.

“आई, खाऊ पोचला?”

“पोचला.”

“आई, नीट ऐक. तो खाऊ नकोस.”

“एक बाटली खाल्ली जेवणानंतर.”

मोकसाहेबांचा आवाज विझत गेला. “कशी होती?”

“पाणचट,” कपाळ म्हणालं.

यिमान स्टुलावर बसली.

“तुझ्या सासूनं केली म्हटल्यावर पाणचटच असायची,” आई पुढे म्हणाली. “ती बाई घरट्याचे धागे मोजून घालते. लग्नातसुद्धा सूप असंच होतं. मी तेव्हा बोलले नव्हते.”

आता बघा, सासूबाईंची कशी कोंडी झाली. माझी खीर दाट होती असं म्हणावं, तर विहीणबाईंनी जावयाचा नमुना खाल्ला. पाणचट होती म्हणावं, तर विहीणबाई खऱ्या. मोकसाहेब त्यांच्याकडे वळले. फोन हातातच होता, चालू.

“आई, खरं सांगा. तुमच्या हातची दाट होती की पाणचट?”

सासूबाईंनी यिमानकडे बघितलं, फ्रीजकडे बघितलं, देवघरातल्या उदबत्तीकडे बघितलं.

“पाणचट,” त्या म्हणाल्या.

“सगळ्या?”

“तिकडे गेलेल्या सगळ्या. दाट तेवढी तुझी. आणि दोन मागे ठेवल्यात, लोणच्याच्या बरणीमागे.”

मोकसाहेबांनी आयुष्यात पहिल्यांदाच सासूबाईंचे हात हातात घेतले. फोनमधून आई म्हणाली, “बघ. मी म्हटलं नव्हतं?”

पण धोका टळला नव्हता. उरलेल्या बाटल्यांत ती एक असणारच. मोकसाहेब म्हणाले, “आई, जरा फोन दे तिथे कुणाकडे. बाकीच्या बाटल्यांना हात लावू नको.”

फोनवर आश्रमाच्या पांग सिस्टर आल्या. यांचा पूर्ण चेहरा दिसला.

“मोकसाहेब, मीच करणार होते फोन. तुमची बाटली मी सकाळीच पाठवली.”

“कुठे?”

“तपासायला. आम्हा सगळ्यांचे नमुने याच बाटल्यांतून जातात ना. खाऊ उघडला तर एका बाटलीवरचा लाल कागद ओला होऊन सुटलेला, खाली तुमचं नाव, फोन. मी म्हटलं, माणूस किती नेटका, वादळामुळे केंद्र बंद तर नमुना थेट आमच्याकडेच पाठवला. आमच्याबरोबर गेला तो. फक्त एक विचारू का?”

“विचारा.”

“लाल कागद कशाला लावलात?”

मोकसाहेबांनी सासूबाईंकडे बघितलं. “वाढदिवस आहे ना,” ते म्हणाले.

संध्याकाळी मेसेज आला. निगेटिव्ह. मोकसाहेबांनी तो सासूबाईंना वाचून दाखवला. सासूबाई म्हणाल्या, “म्हणजे पाठवला तो चांगलाच होता.” यिमाननं फ्रीज रिकामा करून आतून पुसायला काढला होता.

शनिवारी आश्रमाच्या दारात मोकसाहेबांच्या सुटावर निळा झगा चढला. तोंडावर मास्क, त्यावर पारदर्शक ढाल, डोक्यावर टोपी, हातात मोजे. आरशात त्यांना स्वतःलाही ओळख पटली नाही.

आई खिडकीशी खुर्चीत बसली होती. फोनवर दिसायची त्यापेक्षा पुष्कळ लहान झाली होती. हात मांडीवर, आणि हात केवढेसे. शेजारच्या पलंगाशी आणखी एक निळा झगा उभा होता, लाउबाईंना संत्रं सोलून देत. तो त्यांचा मुलगा.

आईनं मोकसाहेबांकडे बघितलं. मग दुसऱ्या झग्याकडे. मग दारातल्या पांग सिस्टरकडे, त्याही तशाच झग्यात.

“गोळी आत्ताच दिलीत ना,” आई मोकसाहेबांना म्हणाली.

मोकसाहेबांना म्हणायचं होतं, आई, मी आलो. एवढंच. आठवडाभर ते वाक्य तयार होतं. पण घसा भरून आला, तो इतका, की शब्दाला जागाच राहिली नाही. ते तोंड उघडत होते, मिटत होते. ढालीवर वाफ धरत होती. आईची नजर त्यांच्यावरून निघून खिडकीबाहेर गेली.

“मुलगा यायचाय माझा,” ती म्हणाली. “अजून आला नाही.”

मोकसाहेबांनी घसा मोकळा करायचा म्हणून जोर लावला. पोटातून. त्यांचा काही इलाज चालला नाही.

“खर्रर्राक.”

खोली जागच्या जागी थिजली. लाउबाईंच्या मुलाच्या हातातली संत्र्याची फोड खाली पडली. पांग सिस्टरनं दाराची कड धरली. पलीकडच्या पुरुषांच्या खोलीतलं कुजबुजणंसुद्धा थांबलं.

आईची मान सावकाश वळली. तिनं मोकसाहेबांकडे बघितलं नाही, जरा वर बघितलं, जशी एखादी बाई पहाटे पलंगावर पडल्यापडल्या खिडकीकडे बघते.

“बापावर गेलाय मेला,” ती म्हणाली.

मग तिनं हात पुढे केला. मोकसाहेबांनी मोज्यातला हात तिच्या हातात दिला. तिनं तो मोजा बोटाबोटानं चाचपला, आत कोण आहे ते बघितल्यासारखा.

“आ-फाय, केवढा उशीर. तुझे बाबा खाकरले की मी तांदूळ धुवायला घ्यायची. ते गेल्यापासून मला मेलं सकाळ झालेली कळत नाही.”

“आई,” मोकसाहेब म्हणाले. आवाज आता निघाला.

“लाउबाई,” आई शेजारी वळून म्हणाली, “हा माझा.”

लाउबाई कानाशी हात नेऊन म्हणाल्या, “काय झालं? कुणी काही पाडलं का?”

“कान गेलेत तिचे,” आई मोकसाहेबांना म्हणाली. “परत कर. नीट कर, तिला ऐकू जाईल असं.”

“आई, इथे आजारी माणसं...”

“कर म्हणते ना.”

मोकसाहेबांनी पांग सिस्टरकडे बघितलं. पांग सिस्टर दाराबाहेर कशाकडे तरी फार बारकाईनं बघत होत्या. मग आईचा हात तसाच हातात ठेवून कमिटीच्या चेअरमननी मान मागे टाकली, डोळे मिटले आणि मास्कच्या आत, अगदी त्या कागदावरच्या माणसासारखं, तोंड वासलं.